एकाच नकाशात दोन शून्यं

बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवून देणं हा माझा धंदा. त्या खेपेला ४१ फुटी शिडाची बोट खाडीत आत न्यायची होती. वाटेत आधी वाळूचा दांडा, लगेच पुढे पूल.

कागदावर डोलकाठीची उंची पाण्यापासून १७.७ मीटर होती. असल्या कागदावर मी विसंबत नाही. शीड चढवायच्या दोरीला टेप बांधून वर ओढला. काठीचा आकडा बरोबर निघाला, पण टोकावरची रेडिओची अँटेना कुणी धरलीच नव्हती. ती धरून १८.६.

सागरी नकाशात खोली बहुधा मोजतात सर्वांत खालच्या ओहोटीपासून आणि पुलाची उंची सर्वांत मोठ्या भरतीपासून. आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात, नवखा तिथेच गंडतो. इथे या दोन पातळ्यांत ४.६ मीटरचा फरक होता. दांड्यावर खोली ०.३, पुलाखाली १७, बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेला भाग, १.९. दोन्हीकडे अर्धा मीटर राखला, तर दांड्यासाठी पाणी किमान २.१ चढलेलं हवं आणि पुलासाठी २.५ च्या वर नको. मधे नांगर टाकायची सोय नाही, तळाशी केबल. पाणी तासाला ९० सेंटिमीटरने चढत असणार, म्हणजे हाताशी सव्वीस मिनिटं.

ओहोटी लागल्यावर गेलो असतो तर पुलापाशी प्रवाह समोरून आला असता, बोट थांबवता आली असती. पण ओहोटीत दांड्यावर टेकलो की बसलोच. म्हणून चढतं पाणी निवडलं. मग एकदा दांडा ओलांडला की प्रवाह पुलाकडेच ढकलणार.

सकाळी बॅरोमीटर बघितला: ९९३. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो, आणि सरासरी दाब १०१३ च्या आसपास. म्हणजे वीस सेंटिमीटर पाणी फुकट. दांड्याला ते बरंच, पुलाला नाही. निघायची वेळ तेरा मिनिटं अलीकडे घेतली.

दांड्याबाहेर पोहोचून दुर्बिणीने पुलाच्या खांबावरची पट्टी वाचली. हिशेबाने मोकळी उंची १९.५ हवी होती, दिसत होती १९.२. किनाऱ्याकडे येणाऱ्या वाऱ्याने आणखी पाणी आत लोटलं होतं. पुलापर्यंत दहा मिनिटं लागणार, तेवढ्यात अजून पंधरा सेंटिमीटर जाणार.

"अहो कॅप्टन, तरी जवळजवळ अर्धा मीटर उरतोय की!" मालक म्हणाले.

"तो लाटेचा आहे," मी म्हटलं आणि सुकाणू फिरवलं. परतीच्या वाटेवर ते माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वारा पडला, दाब १००९ वर आला. पट्टी हिशेबाबरहुकूम. खालून बघताना डोलकाठी पुलाला धडकणारच असं वाटतं, कितीही वेळा गेलो तरी वाटतं. मी पट्टीवरून नजर हलवली नाही. मालकांनी मात्र पुलाखाली शिरताना चक्क मान खाली घातली.