मागचे दोनच टायर बदलले: फोर-बाय-फोर ट्रकच्या मोजमापांची नोंद

मागच्या नोंदीनंतर ट्रकचे सर्वांत महत्त्वाचे काम झाले ते टायरचे. मागच्या डाव्या टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, धारदार दगडाने चीर पडून आतले धागे दिसू लागले होते, आणि साइडवॉलवरची अशी चीर ठिगळाने भरून निघत नसल्यामुळे तो टायर बाद करण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याच्या जोडीचा उजवा टायरही बराच झिजला होता. पुढचे दोन्ही मात्र अजून चांगले होते. चारही चाकांवर जोर जाणाऱ्या गाडीत दोनच टायर बदलावेत की नाहीत, यावर ठाम मते पुष्कळ ऐकायला मिळतात, पण प्रत्यक्ष मोजून दिलेली उत्तरे कमी. म्हणून या वेळी आधी मोजमाप आणि मग निर्णय, असा क्रम ठेवला.

टायरचा आकार 265/70 आर 17. नवा असताना खाचांची खोली 12 मिमी होती. आता पुढे 9 मिमी आणि मागे 5.5 मिमी उरली होती. ट्रक बहुतेक वेळ दोन चाकांच्या चालीतच, म्हणजे टू-एचमध्ये धावतो आणि ओढण्याचे सगळे काम मागची चाके करतात, त्यामुळे मागची झीज जास्त असणे स्वाभाविक आहे. पुढचे टायर ठेवण्याजोगे आहेत का, हे ठरवताना केवळ मधल्या खाचेवर विसंबलो नाही. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तिन्ही जागी खोली मोजली आणि तळहात नक्षीवरून आडवा, दोन्ही दिशांनी फिरवला. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते हाताला लागले, तर अलाइनमेंटमध्ये, म्हणजे चाकांच्या सरळ मांडणीत, दोष आहे असे समजावे. अशा टायरला नव्या जोडीसोबत ठेवण्यात अर्थ नसतो. माझ्या टायरवर दाते नव्हते आणि तिन्ही जागांची खोली सारखी होती. साइडवॉलवरचा चार अंकी आकडाही पाहून घेतला. तिथे 2321 असेल, तर तो टायर 2021 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झालेला असतो. खोली कितीही शिल्लक असली तरी रबराचे वय विचारात घ्यावेच लागते.

आता मुख्य मुद्दा. खोलीत 1 मिमी फरक पडला की व्यासात 2 मिमी आणि परिघात सुमारे 6.3 मिमी फरक पडतो. म्हणजे मागे 12 मिमीची नवी जोडी आणि पुढे 9 मिमीची जुनी जोडी असेल, तर कागदावर परिघातला फरक साधारण 19 मिमी येतो. हा आकडा पाहून मन कचरते, पण जुनी स्थिती काय होती तेही पाहायला हवे: पुढे 9 आणि मागे 5.5, म्हणजे 22 मिमी, फक्त उलट दिशेने. दोन टायर बदलल्याने फरक नव्याने निर्माण होत नव्हता. असलेला फरक किंचित कमी होऊन त्याची बाजू बदलत होती. माझ्या मते निर्णयाचे निम्मे उत्तर इथेच मिळाले.

तरीही कागदावरचा परीघ आणि भाराखाली फिरणाऱ्या चाकाने कापलेले अंतर यांत तफावत असते, कारण टायर जमिनीशी दबलेला असतो. म्हणून नवी जोडी बसवल्यावर सपाट, सरळ जागेवर गाडी उभी केली, चारही टायर थंड असताना हवा सारखी भरली, पुढच्या आणि मागच्या टायरवर जमिनीला टेकलेल्या जागी खडूने खूण केली आणि तशीच खूण जमिनीवरही केली. मग ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणारी गिअरची पेटी) टू-एचमध्ये व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून गाडी हळूहळू ढकलली आणि प्रत्येक चाकाच्या दहा फेऱ्यांचे अंतर टेपने मोजले. पुढे 24.36 मीटर आले, मागे 24.50 मीटर. फेरीमागे फरक 14 मिमी, म्हणजे 0.6 टक्क्याहूनही थोडा कमी. दहा फेऱ्या मोजण्याचे कारण असे की एका फेरीत खुणेची जाडीसुद्धा निकाल बिघडवते.

या फरकाचा गाडीला त्रास कुठे होतो, ते ट्रान्सफर केसच्या रचनेवर अवलंबून आहे. माझ्या ट्रकमध्ये मधले डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. टू-एचमध्ये पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा, म्हणजे पुढचा शाफ्ट, इंजिनपासून मोकळा असतो, त्यामुळे 14 मिमीच काय, त्याहून मोठ्या फरकानेही ट्रान्सफर केसवर ताण येत नाही. फोर-एचमध्ये, म्हणजे चार चाकांच्या चालीत, मात्र दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि त्यांना सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतात. किलोमीटरमागे पुढची चाके सुमारे सव्वादोन फेऱ्या जास्त घेऊ पाहतात. अॅक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या) चारच्या आसपास असल्याने शाफ्टच्या पातळीवर हा फरक नऊ फेऱ्यांचा होतो. वाळूत, चिखलात किंवा सुट्या खडीवर टायर थोडा घसरून हा फरक जिरवतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, आणि तोच फरक शाफ्ट, गिअर व साखळीत पीळ होऊन साठतो.

इथे एक प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर 3.1 मीटर असलेला ट्रक अगदी घट्ट वळण घेतो, तेव्हा पुढची चाके मागच्यांपेक्षा सुमारे 16 टक्के जास्त अंतर कापतात. चारही टायर कोरे करकरीत असले तरी कोरड्या डांबरावर फोर-एच लावू नये असे म्हणतात, त्याचे कारण हेच. वळणातल्या या फरकापुढे झिजेचा 0.6 टक्का लहान आहे. मात्र वळण संपते, आणि झिजेचा फरक सरळ रस्त्यावरही एकाच दिशेने साठत राहतो.

ज्यांच्या गाडीत चारही चाकांना कायम जोर जातो, त्यांनी माझे आकडे स्वतःला लावू नयेत. तिथे मधले डिफरन्शियल, व्हिस्कस कपलिंग (दाट द्रवातून जोर पोचवणारी जोडणी) किंवा क्लचच्या चकत्या हा फरक प्रत्येक किलोमीटरला सोसत असतात. कपलिंगमधला द्रव तापतो, चकत्या घासतात. काही उत्पादक अशा गाड्यांसाठी परिघातला फरक जेमतेम 6 मिमीच्या आसपास ठेवायला सांगतात, म्हणजे खोलीत 1 मिमी. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादाच तिथे अंतिम मानावी.

नवी जोडी मागेच बसवली. ओल्या रस्त्यावर कमी खोलीचे टायर पाण्यावर आधी तरंगतात. पुढचे तरंगले तर गाडी सरळ जाऊ लागते आणि वेग कमी करून सावरता येते, पण मागचे तरंगले तर मागचा भाग बाजूला फेकला जातो. रिकाम्या हौद्याच्या ट्रकमध्ये मागचे वजन आधीच कमी असल्यामुळे हा धोका अधिक. शुद्ध यांत्रिक दृष्टीने पाहिले तर मोठा टायर मागे असणे वळणात थोडे गैरसोयीचेच आहे, कारण वळणातला फरक आणि झिजेचा फरक एकाच दिशेने जोडले जातात. परंतु फोर-एच क्वचित लागते आणि पाऊस कधीही गाठतो, म्हणून मी स्थैर्याला प्राधान्य दिले. एकाच अॅक्सलवर एक नवा आणि एक जुना हा पर्याय विचारात घेतलाच नाही. त्यात डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहावे लागते, आणि ते लिमिटेड-स्लिप, म्हणजे दोन चाकांच्या गतीतल्या फरकाला आवर घालणारे, असेल तर त्याच्या चकत्या विनाकारण झिजतात. टायर मात्र त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे घेतले, कारण साइडवॉलवर आकार तोच छापलेला असूनही दोन कंपन्यांच्या टायरचा प्रत्यक्ष परीघ काही मिलिमीटरने वेगळा निघू शकतो.

नव्या टायरची हवा कमी करून परीघ जुळवावा, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. रेडियल टायरमधला पोलादी पट्टा ताणला किंवा आखडला जात नाही, त्यामुळे हवेने फेरीचे अंतर फारसे बदलत नाही. साइडवॉल मात्र तापते. हा उपाय कोणी करू नये.

बॅलन्सिंग झाले, नट आडव्या-तिरप्या क्रमाने आवळले आणि थोडे अंतर चालवल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. चाचणीसाठी सुट्या खडीच्या सरळ वाटेवर फोर-एच लावून गाडी चालवली. परत टू-एचमध्ये येताना ट्रान्सफर केसचा लिव्हर अलगद सुटला. दाबून घट्ट झालेल्या मातीवर तेवढ्याच अंतरानंतर लिव्हर जागेवरून हलेना. गाडी काही हात मागे घेतल्यावर आतून एक बोथट ठोका ऐकू आला आणि लिव्हर मोकळा झाला. साठलेला पीळ सुटल्याची ही खूण आहे. असा अडलेला लिव्हर जोर लावून ओढू नये.

पुढचे नियोजन असे: मागचे टायर जास्त झिजतात, म्हणून 3 मिमीचा फरक आपोआप कमी होत जाईल. तोपर्यंत पुढचे-मागचे टायर अदलाबदल करणार नाही आणि दर दोन-तीन हजार किलोमीटरला खोली व दहा फेऱ्यांचे अंतर नोंदवत राहीन. खोलीतला फरक 1 मिमीच्या आत आला की मग चारही टायरची नियमित अदलाबदल सुरू करीन. स्टेपनीला त्या चक्रात घ्यायचे का, ते तेव्हाच्या मोजमापावर ठरेल.