गॉर्टन मठ, 1:150 : पट्टे जुळले एकदाचे!

मँचेस्टरच्या गॉर्टन मठाच्या चर्चचं 1:150 मापाचं कागदी मॉडेल करतोय. मागच्या वेळी टाकलेल्या फोटोत डाव्या बट्रेससमोर (भिंतीला बाहेरून टेकू देणारा खांब) मी कटरची डबी मुद्दामच ठेवली होती, चूक झाकायला. दोघा वाचकांनी पकडलंच! त्या डबीमागे दगडाचे फिके पट्टे भिंतीतल्या पट्ट्यांपेक्षा दीड मिलिमीटर खाली उतरले होते. या मापात विटेचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे तीन थरांचा घोळ. एडवर्ड वेल्बी प्युजिनच्या या चर्चची सगळी ऐट लाल विटेतल्या या पट्ट्यांत आहे. ते हुकले की मँचेस्टरचा मठ नाही, मँचेस्टरचं गोदाम दिसतं.

दोन आठवडे विटांचे कागद छापून देणाऱ्या प्रिंटवाल्याला शिव्या घातल्या. 97 टक्क्यांवर छापलं असणार! मोजलं तर बरोबर. मग पावसाळी हवेवर संशय. शेवटी रविवारी उरलेली पट्टी टेबलावर सपाट पडलेली पाहिली आणि ट्यूब पेटली. बट्रेस वर जाताना तीनदा आत सरकतो. मी सरळ-उतरतं-सरळ असा बट्रेसचा सगळा दर्शनी भाग एकाच लांब पट्टीत कापून खालून वर चिकटवत होतो. सहा घड्या, आणि प्रत्येक घडी पाव मिलिमीटर कार्ड खाते. करा हिशेब.

आता प्रत्येक टप्प्याची पट्टी वेगळी. ग्रेबोर्डच्या (बाइंडिंगचा जाड करडा पुठ्ठा) गाभ्यावर आधी पेन्सिलीने थरांच्या खुणा, आणि चिकटवायचं त्या खुणांना धरून. गवंडी तरी काय वेगळं करतो? सांधा उतरत्या दगडाखाली लपतो. जाड आयव्हरी कार्ड सोडून 120 जीएसएमचा पातळ कागद घेतला, घडी धारदार बसते. काल रात्री बाजूने टॉर्च मारून पाहिलं, पट्टा भिंतीवरून बट्रेसवर सलग वळतो. दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

(ग्रेबोर्ड अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगवाल्यांकडूनच घ्या. हस्तकलेच्या दुकानांत त्याच तावाचे तुकडे दुप्पट भावाने.)

पुढे छप्पर बसवणार होतो, पण हे लिहितानाच हात थांबला. 184 फुटी चर्च, म्हणजे माझ्याकडे 37 सेंटिमीटरचा पोकळ डबा, आणि तो कायमचा बंद करायचा? खऱ्या चर्चमध्ये आत ओळीने फ्रान्सिस्कन संतांचे 12 पुतळे आहेत. 1989 मध्ये मठ बंद झाल्यावर ते थेट लिलावात पोचले होते, तिथून शहराच्या पालिकेने विकत घेऊन वाचवले. तेव्हा एक बाजू उघडी ठेवतो. वेळ लागेल, लागू दे. मूळ चर्चलाही 1866 ते 1872 इतकी वर्षं लागली, आणि तिथे मठातले ब्रदर स्वतः राबत होते.

एम-सीलचा पहिला संत करून पाहिला, सव्वा सेंटिमीटरचा. सध्या शेंगदाण्यासारखा दिसतोय.