साखरबिटाच्या शेतातली तीनचाकी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या दक्षिणेकडच्या मोठ्या भागाचा नकाशा हाताच्या पंजासारखा दिसतो आणि त्याच्या अंगठ्याच्या भागाला इथले लोक खरोखरच ‘थंब’ म्हणतात. हा सगळा साखरबिटाचा प्रदेश आहे. कोल्हापूरकडच्या माणसाला उसाशिवाय साखर ही कल्पनाच पटत नाही, त्यामुळे पहिल्या शरद ऋतूत रस्त्याच्या कडेला बिटाचे डोंगर रचलेले पाहून मी गाडी थांबवून उतरलो होतो. याच भागातल्या एका शेतकरी आजोबांच्या लाकडी कोठारात, गवताच्या जुन्या गाठींमागे, मला १९८२ सालची होंडा एटीसी २०० ही तीनचाकी मिळाली. तिन्ही टायर बसलेले, टाकीत गंज, सीट उंदरांनी कुरतडलेली आणि मूळचे लाल प्लॅस्टिक उन्हाने फिकट गुलाबी झालेले. आजोबा तिच्यावरून शेताला फेरी मारत आणि हिवाळ्यात सॅगिनॉ उपसागर गोठला की बर्फाला भोक पाडून मासे पकडायला जात. गेली वीस वर्षे ती जागची हललेली नव्हती.

घरी फोनवर तीनचाकी घेतली असे सांगितल्यावर सर्वांच्या डोळ्यांपुढे रिक्षा उभी राहिली, म्हणून हे वाहन नेमके काय आहे ते आधी सांगतो. पुढे एक आणि मागे दोन फुगीर टायर, मध्ये मोटारसायकलसारखी सीट, हातात हँडल आणि छत नाही. हे वाहन रस्त्यासाठी नव्हेच. ते वाळू, चिखल, बर्फ आणि शेतासाठी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या होंडाच्या विक्रेत्यांनी हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा विकता येईल असे काहीतरी द्या, अशी मागणी केली आणि ते काम जपानमध्ये ओसामू ताकेउची या अभियंत्याकडे आले. त्यांच्या प्रयोगांतून १९७० मध्ये ५९५ डॉलर किमतीची ‘यूएस ९०’ बाजारात आली. तिचे पुढे ‘एटीसी ९०’ असे नामकरण झाले. तिला सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी यंत्रणा, नव्हती. अगदी कमी हवेचे, चेंडूसारखे टायर हेच तिचे सस्पेन्शन होते. माझ्या गाडीतही तीच युक्ती आहे. टायरमध्ये जेमतेम सव्वादोन पीएसआय हवा भरायची असते आणि टायरचा जमिनीला टेकणारा भाग इतका पसरतो की गाडी मऊ वाळूत किंवा ताज्या बर्फात रुतत नाही. मोटारीच्या पंपावरचा मीटर इतकी कमी हवा नीट दाखवतच नाही, त्यासाठी वेगळा गेज घ्यावा लागला.

या गाड्यांची कहाणी फार लवकर संपली. वळणांवर त्या उलटत, लहान मुले त्यांवर बसवली जात आणि जखमींची संख्या वाढत गेली. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकी सरकारने उत्पादकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १९८८ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्यानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणे थांबवले. २००८ च्या कायद्याने तर नवी तीनचाकी आणणे-विकणे बंदच केले. जुन्या गाड्या बाळगण्यास मात्र मनाई झाली नाही. त्यामुळे आज चालणारी प्रत्येक जपानी तीनचाकी सुमारे चाळीस वर्षांची किंवा त्याहून जुनी आहे आणि कोणीतरी हाताने दुरुस्त केली म्हणूनच ती चालते.

तिच्या धोक्याचे कारण समजून घेतल्याशिवाय तिला पान्हा लावू नये, असे माझे ठाम मत आहे आणि ते समजावून सांगायला आपली रिक्षाच उपयोगी पडते. वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. रिक्षात डिफरन्शियल असल्यामुळे मागची दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. एटीसीत मात्र मागच्या चाकांना जोडणारा एकच सलग दांडा, म्हणजे अॅक्सल, आहे, दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात, आणि म्हणून हँडल वळवले तरी गाडी सरळच जाऊ पाहते. चालवणाऱ्याने अंग आतल्या बाजूला झुकवून, पण वजन बाहेरच्या फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंटीवर) देऊन आतले चाक हलके करायचे आणि त्याला घसरू द्यायचे, तेव्हा ती वळते. वाळूत चाक सहज घसरते. डांबरावर ते घसरत नाही, पकडते, आणि गाडी उलटते. मोटारसायकलची सवय असलेला माणूस तोल जाताच पाय जमिनीवर टेकवतो, आणि ही सवय इथे सर्वात घातक ठरते, कारण मागचे रुंद चाक त्याच पायावरून जाते. पाय पेगवरून काढायचा नाही, हा तीनचाकीचा पहिला धडा आहे.

कामाला सुरुवात केली ती स्क्रूंपासून. जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. ते फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते, त्यामुळे अमेरिकी दुकानात मिळणारा स्क्रू ड्रायव्हर वर सरकतो आणि स्क्रूचे डोके खाऊन टाकतो. माझ्याआधी कोणीतरी इंजिनच्या बाजूचे चार स्क्रू असेच बिघडवून ठेवले होते. जपानी मापाचा ड्रायव्हर, हातोडीने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर, गंजात झिरपणारे तेल आणि दोन दिवसांची उसंत यांनी ते सुटले. टाकीचा गंज मी धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बॅटरी चार्जर जोडून विजेने काढला. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रे, हिरवट खळीने बंद झाले होते. इथल्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की सगळा त्रास कार्बोरेटरला होतो. भारतात आता २० टक्क्यांचे मिश्रण मिळते, तेव्हा घरी जुनी स्कूटर जपणाऱ्यांनी ती ठेवून देण्याआधी कार्बोरेटर रिकामा करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

इंजिन उघडले तेव्हा सिलिंडरमध्ये उभे ओरखडे होते. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५७.८ मिलिमीटर, म्हणजे १९२ सीसी. माझे बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरजवळ गेले. तिथे ऑइल इंजिनचे सिलिंडर बोअर मारायला रांगेत ठेवलेले असत आणि कारागीर पिस्टन हातात धरून, आतून बोट फिरवून, किती घासले आहे ते सांगत. इथल्या मशीन शॉपमधल्या वयस्कर कारागिरानेही आधी बोटच फिरवले, मग मायक्रोमीटर घेतला. बोअर पाव मिलिमीटरने वाढवून ओरखडे जाणार नव्हते, म्हणून अर्धा मिलिमीटर वाढवून ६५.५ चा पिस्टन बसवला. त्यामुळे इंजिन साधारण १९५ सीसीचे झाले, पण खरा लाभ आकड्याचा नाही. इंजिन सुरू करायची दोरी ओढल्यावर हाताला लागणाऱ्या कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा, आहे. तिसऱ्या ओढीला ती सुरू झाली आणि तो आवाज ऐकून मला वडिलांची हीरो होंडा सीडी १०० मोटारसायकल आठवली. दोन्ही इंजिने होंडाचीच, एकाच सिलिंडरची आणि चार स्ट्रोकची आहेत.

मूळ रूप जपायचे की बदल करायचे, यावर या छंदात तीव्र मतभेद आहेत. मोठा कार्बोरेटर, उघडा सायलेन्सर आणि इंजिनच्या झडपा जास्त उघडणारा चढा कॅम लावून वेग वाढवणारे अनेक जण आहेत. त्यांचे कौशल्य मी मान्य करतो, परंतु ज्या गाडीचा दोष वळणात आहे तिला वेग देणे मला पटत नाही. मी केलेले बदल थांबणे, दिसणे आणि न उलटणे यांसाठीच आहेत. मागच्या दोन्ही चाकांना प्रत्येकी दोन इंचांचे, चाक बाहेर सरकवणारे स्पेसर लावून बूड रुंद केले. त्याने बेअरिंगवर जास्त भार येतो, म्हणून अॅक्सलचे बेअरिंग नवे घातले आणि ते दर मोसमात तपासतो. मूळ हेडलाइट इंजिनच्या गतीबरोबर कमीजास्त होत असे, तो वीज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवून एलईडीवर आणला. मनगटाला बांधायची एक दोरी लावली, जी माणूस पडताच इंजिन बंद करते. प्लॅस्टिक मात्र जुनेच ठेवले. हीट गनने हळूहळू तापवल्यावर त्याचा गुलाबीपणा जाऊन लाल रंग बराच परत आला आणि आजोबांच्या मासेमारीचे ओरखडेही त्यावर राहिले.

गाडी घेऊन आम्ही मिशिगन सरोवराकाठच्या सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो. तिथे १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर अशी वाहनांना परवानगी असते. परवान्याचे स्टिकर, हेल्मेट आणि टेकडीपलीकडच्यांना दिसावा म्हणून उंच काठीवरचा नारिंगी झेंडा लागतो. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला चालवायची फार इच्छा होती, पण या राज्यात सोळा वर्षांखालच्यांना तीनचाकी चालवता येत नाही आणि तो नियम मला योग्य वाटतो. टाकी, कार्बोरेटर आणि चेन यांच्या कामात तिने बरोबरीने हात लावला आहे; जपानी ड्रायव्हर कोणता, हे ती न बघता ओळखते.

फेब्रुवारीत सॅगिनॉ उपसागर गोठल्यावर गाडी ट्रेलरवर चढवून आजोबांकडे नेली. त्यांनी आधी अॅक्सलखाली वाकून बेअरिंग हलवून पाहिले, नवा दिवा लावून बघितला, स्पेसरवर हात ठेवून मान डोलावली. मग सीटवर बसले, दोन्ही बूट पेगवर नीट टेकवले, दोरी मनगटाला बांधून घेतली आणि दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू करून बर्फावर निघून गेले.