धबधबे नसलेला चिखलदरा

शनिवार, रात्री

पुढच्या वर्षी घरात दहावी आणि बारावी एकदमच आहेत. चौघांनी गाडी काढून कुठं लांब जायचं, तर ते याच हिवाळ्यात. नाताळात कोकणात आणि महाबळेश्वरात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून जानेवारी धरला. १२ तारखेला जिजाऊ जयंती, त्या दिवशी आमच्या वाटेतल्या सिंदखेड राजाला माणसांचा पूर असतो. २६च्या आगेमागे सगळेच सुट्ट्या जोडून घेतात. संक्रांतीचा तिळगूळ देऊन-घेऊन झाला की मधले दिवस मोकळे सापडतात. शाळा-कॉलेज थोडं बुडेल. ते मी ठरवून बुडवणार आहे.

पुणे, छत्रपती संभाजीनगर, लोणार, अमरावती, चिखलदरा असा मार्ग डोक्यात आहे. अमरावतीला मावशी असते. तिचं घर मुलांनी अगदी लहानपणी पाहिलंय, आता त्यांना त्यातलं काही आठवत नाही.

जेवताना विषय काढला. थोरल्यानं लगेच मोबाइलवर चिखलदरा शोधला. धुकं, हिरवेगार डोंगर, दरीत कोसळणारं पाणी. धाकटी म्हणाली, “हे चालेल.” तेव्हा मीच सांगितलं की हे सगळं जुलै-ऑगस्टचं आहे. जानेवारीत भीमकुंडाला ती धार नसते, गवत पिवळं पडलेलं असतं. दोघांनी माझ्याकडं पाहिलं. “मग बघायला काय जायचं तिकडं?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्याकडं होतं, पण दिलं नाही. तुम्हीच शोधा म्हटलं. हंगामात गेलं की काय बघायचं ते आधीच ठरलेलं असतं. पॉइंटांची यादी असते, रांग असते, आपण फक्त रांगेत उभं राहायचं. हंगाम नसताना मात्र आपली वाट आपल्यालाच शोधावी लागते. चौदा आणि सोळा वर्षांच्या मुलांना हे नक्की जमतं. आपणच त्यांना मागच्या सीटवर सामानासारखं बसवून नेतो.

रविवार

शोधलं त्यांनी, आणि चांगलं शोधलं.

थोरल्याला गाविलगड सापडला. नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पाडलं आणि आतल्या तटावर शिड्या लावून चढले. सेनापती आर्थर वेलस्ली. “आई, हा पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला! वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा!” वॉटर्लू १८१५ची, म्हणजे तिच्या बारा वर्षं आधी हा माणूस आपल्या सातपुड्याच्या डोंगरात तोफा चढवत होता. चिखलदऱ्याहून किल्ला अगदी जवळ आहे. मग तोच म्हणाला, “पावसाळ्यात गेलो असतो तर धुक्यात तट दिसलाच नसता.” मला जे सांगायचं होतं ते त्याच्याच तोंडून आलं. फार बरं वाटलं.

धाकटीनं एक पक्षी आणला. रानपिंगळा. १८८४नंतर या लहानशा घुबडाची खात्रीची नोंदच नव्हती, नामशेष झालं असंच धरलं जात होतं. ११३ वर्षांनी, १९९७च्या नोव्हेंबरात, ते शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. मेळघाटातही ते आहे. घुबड असून दिवसा वावरतं, त्यामुळं रात्री जंगलात जायची गरज नाही. सागाची पानं झडू लागलेली असली की फांदीवर बसलेला पक्षी दिसण्याची शक्यताही वाढते. मेळघाट १९७३-७४मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, पण डोंगराळ आणि दाट जंगलामुळं तिथं वाघ सहज दिसत नाही, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं. ती म्हणाली, “मला वाघ नकोच आहे.”

तिचं आणखी एक: चिखलदऱ्यात कॉफी पिकते, आणि तिची फळं हिवाळ्यात तोडणीला येतात. सध्या ती दिवसातून दोनदा कोल्ड कॉफी मागते, त्यामुळं हे सापडणारच होतं. झाडावरची लाल कॉफी तिनं एकदा पाहावी, असं मलाही वाटतं.

मंगळवार

आज घड्याळाशी झटापट.

सुट्टीत दोघं नऊच्या आत उठत नाहीत. पूर्वी मी याला आळस म्हणायचे. या वयात झोपेचं चक्रच पुढं सरकतं, रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत, हे वाचल्यापासून म्हणत नाही. पण जानेवारीत विदर्भात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दहाला आवरून निघालो तर उजेडाचे तास किती उरले?

आणि अंधारात मला गाडी नकोच आहे. ऊसतोडीचा हंगाम आहे. अहिल्यानगरच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. पुढं वऱ्हाडात कापसाच्या गाड्या. पावसाळ्यातल्या प्रवासाची भीती सगळे घालतात, हिवाळ्यातल्या या रात्रींबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून एक नियम पक्का केला: सूर्य मावळला की गाडी उभी. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट तर भरदिवसाच चढायचा.

तोडगा थोरल्यानं काढला. पहिल्या दिवशी उजाडताच निघायचं, दोघांनी उशा घेऊन मागं झोपायचं. अहिल्यानगरपर्यंतचा रस्ता त्यांनी पाहिलेलाच आहे. नंतरचे टप्पे लहान करायचे आणि निवांत निघायचं. त्यासाठी लोणारला एक मुक्काम वाढवला. खोल्या मिळतायत, दरही उतरलेले आहेत, म्हणून हे परवडतं. मे महिन्यात असं काही सुचवायची सोय नसते.

लोणारबद्दल मला काहीच पटवावं लागलं नाही. लॉकडाउनमध्ये, २०२०च्या जूनमध्ये, तळं गुलाबी झालं होतं ते दोघांना आठवतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं तो रंग आला, हे आपल्या पुण्याच्याच आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. आता रंग नेहमीचा, हिरवट. पण अशनी आदळून बेसॉल्टमध्ये झालेला सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा काठावर उभं राहून बघायचा आणि मग पायी आत उतरायचं, यासाठी रंगाची गरज नाही. उन्हाळ्यात ती चढण जीव काढते. जानेवारीत भरदुपारीसुद्धा चढता येईल.

बुधवार

समृद्धी महामार्गावरून जायचं की जुन्या रस्त्यानं, यावर नवरा आणि थोरला तासभर बोलत होते. ठरलं ते असं: लोणारपर्यंत जालना-सिंदखेड राजा या जुन्या रस्त्यानं, म्हणजे लखुजी जाधवांचा राजवाडा बघता येईल आणि वाटेत कुठं हुरडा मिळाला तर थांबता येईल. लोणारनंतर मेहकरला समृद्धीवर चढायचं, कारंज्याला उतरायचं. तिथं १२०ची मर्यादा आहे म्हणून १२०नं जायलाच हवं असं नाही, हे मी नवऱ्याला सांगितलं. सिमेंटचा सरळसोट रस्ता, टायर तापतात आणि चालवणाऱ्याला गुंगी येते. टायर, हवा, स्टेपनी, जॅक हे खातं थोरल्याकडं दिलंय. शनिवारी तो वडिलांबरोबर टायरवाल्याकडं जाणार आहे.

शुक्रवार

धाकटीकडं मुक्कामाचं खातं. मेसेज कितीही करेल, पण अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. आज चिखलदऱ्याला फोन तिनंच केला. आधी वहीत प्रश्न लिहून काढले होते: गरम पाणी किती वाजेपर्यंत, जास्तीची रजई मिळेल का, रात्रीचं जेवण आधी सांगावं लागतं का, सफारी कोणत्या दिवशी बंद. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पहिल्या दोन वाक्यांना आवाज कापत होता, नंतर लागला. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “ते काका म्हणाले, सोमवार ते गुरुवार या, शनिवार-रविवार अमरावतीची गर्दी असते.” ही माहिती इतक्या दिवसांत मला कुठं मिळाली नव्हती. लगेच सगळा आराखडा दोन दिवस पुढं सरकवला.

मावशीलाही तिनंच फोन लावला. मावशी तिकडून ओरडली, “थंडी लय हाय बाप्पा इकडं, जाड स्वेटरं घेजो!” आणि मग खाण्याची यादी. तुरीच्या शेंगा आल्यात, सोल्यांची भाजी करते, गिलावडे आणून ठेवते, संत्री पोतंभर. धाकटीला निम्मे शब्द कळले नाहीत, पण फोन तिनं बराच वेळ ठेवला नाही.

रविवार, दुपार

आराखडा भिंतीवर लावला. चिखलदऱ्यातला शेवटचा दिवस मुद्दाम कोरा ठेवलाय. थोरल्याला पुन्हा गाविलगडावर जायचंय, धाकटीला धारणीच्या रस्त्यानं सेमाडोहपर्यंत जाऊन रानपिंगळा शोधायचाय. दोघांचं भांडण झालं, मी मध्ये पडले नाही. तिथं पोचल्यावर आदल्या रात्री रजईत बसून ठरवू, असं त्यांचं त्यांनीच मिटवलं. तिकडं मोबाइलला रेंज जेमतेम असते म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यायचं काम थोरल्यानं अंगावर घेतलंय. माझ्याकडं आता फक्त दुर्बीण उरली आहे. ती उद्या शेजाऱ्यांकडं मागायची.