दोन अब्ज चौदा कोटी आणि वर काही

स्मरणिकेत शिस्त, संस्कार आणि स्नेहसंमेलनावर बरेच जण लिहितील, म्हणून मी एका संख्येवर लिहितो: २१४७४८३६४७. २ चा एकतिसावा घात काढा आणि १ वजा करा, ती ही. १७७२ साली गणितज्ञ ऑयलरने ही मूळ संख्या असल्याचं दाखवलं. तोवर त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती.

नववीत गणिताच्या सरांनी हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, एवढे भागाकार केले कधी त्याने?" असला प्रश्न सरांना हवाच असायचा. म्हणाले, "केलेच नाहीत. कुठले करायचे नाहीत, ते आधी ठरवलं."

फळ्यावर २०४७ आलं: २ चा अकरावा घात वजा १. आम्ही ३, ७, ११, १३ करत भागायला लागलो. सर हातावरचा खडू झटकत उभे. मग म्हणाले, "घात ११ आहे ना? मग विभाजक २२ च्या पटीत १ मिळवूनच येणार. २३ ने भागा." ८९ चा भाग लागला, बाकी शून्य. आणि ८९ म्हणजे तरी काय, बावीस चोक अठ्ठ्याऐंशी आणि एक! यामागचं फर्माचं प्रमेय पुढे कॉलेजात भेटलं. त्या दिवशी नुसती मजा वाटली.

घात ३१ असेल, तर विभाजक ६२ च्या पटीत १. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. दोन्ही अटी लावल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच तपासायच्या. वर्गमूळ ४६३४० च्या आसपास. तिथवर अशा संख्या पावणेचारशेही भरत नाहीत, आणि त्यातल्या संयुक्त गाळल्या की आणखी कमी.

पुढे सॉफ्टवेअरच्या नोकरीत ही बाई रोजच समोर यायला लागली. संगणकात ३२ बिटांतला (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) एक बिट अधिक-उणे चिन्हाला गेला, की उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १९७० पासूनचे सेकंद त्यात मोजणारी संगणकांतली जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतील. इथे तिचं मूळ असणं मात्र निव्वळ योगायोग. लोक उगाच त्यात गूढ शोधतात.

मूळ असण्याचा खरा उपयोग १९६९ मध्ये सुचवलेल्या एका रीतीत दिसतो. शून्य सोडून तिच्याहून लहान कुठलाही आकडा घ्या, १६८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा. उरेल ती बाकी हा पुढचा आकडा. असं करत गेलं की १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा हजेरी लावतो, मगच पहिला परत येतो. संगणक वरवर बेशिस्त दिसणारे आकडे बरीच वर्षं असेही काढत आले. भाजक संयुक्त असता, तर काही आकडे कायमचे गैरहजर राहिले असते.

आताच्या नववीसाठी एक उदाहरण: ८१९१, म्हणजे २ चा तेरावा घात वजा १. ती मूळ आहे हे ठरवायला एकच भागाकार पुरतो. कितीने भागायचं, ते शोधा.