लक्षद्वीपची कंकणद्वीपं: जमीन पूर्वेला, लगून पश्चिमेला

अगत्तीची धावपट्टी सुमारे 1,200 मीटरची. बेटाच्या अरुंद दक्षिण टोकाची जवळजवळ सगळी रुंदी तिनेच घेतलीय. म्हणून विमानातून उतरल्या उतरल्या मला दोन्ही समुद्र एकदमच दिसले. पश्चिमेला उथळ, फिकट हिरवं लगून (प्रवाळाच्या कडेने आत अडवलेलं समुद्राचं पाणी) आणि पूर्वेला थोड्याच अंतरावर गडद निळं खोल पाणी. हा फरक एकदा ध्यानात आला की लक्षद्वीपचा नकाशा वाचता येतो. इथली बहुतेक बेटं कंकणद्वीपं, म्हणजे लगूनभोवती बांगडीसारखी पसरलेली प्रवाळाची कड आणि तिच्यावरची जमीन. कवरत्ती, कदमत, किल्तान, चेतलत, मिनिकॉय, सगळीकडे जमीन पूर्वेच्या कडेवर आणि लगून पश्चिमेला.

आधी पायाबद्दल. सह्याद्रीचा काळा दगड ज्या तप्तबिंदूतून (पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक सतत वर येत राहतो अशा जागेतून) सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला, तो आज रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला, आणि त्याच तप्तबिंदूने मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही ज्वालामुखींची रांग उभी केली. ते डोंगर थंड होऊन हळूहळू खचले. वर प्रवाळ वाढत राहिलं, कारण त्याला उजेड लागतो आणि बुडत्या डोंगरावर जगायचं तर वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. डार्विनने 1842 साली हेच मांडलं. पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक कंकणद्वीपावर 1952 साली खोल भोकं पाडली, तेव्हा 1,200 मीटरहून जास्त जाडीच्या चुनखडकाखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते, आणि मला ते अपुरं वाटतं. डोंगर का बुडाला ते यातून कळतं, पण मधे परातीसारखा खोलगटपणा का, हे कळत नाही. त्याचं बरंचसं उत्तर हिमयुगांत आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता. हे चुनखडीचे माथे तेव्हा उघडे पडले होते. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते चुनखडी विरघळवतं. माथ्याच्या मध्यावर ते साठून मुरत राहिलं आणि तिथली झीज जास्त झाली. कडेवरून ते वाहून गेलं, म्हणून कड उंच राहिली. समुद्र परत चढला तेव्हा नवं प्रवाळ त्या उंच कडेवर जोमाने वाढलं. असं एकदाच नाही, अनेक हिमयुगांत घडलं.

आता जमीन पूर्वेलाच का? नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या कडेवर फुटतात. तिथे प्रवाळाचे तुकडे होतात, त्यांची वाळू होते आणि प्रवाहाबरोबर लगून ओलांडून पूर्वेच्या आडोशाला साचते. पॅसिफिकच्या पुष्कळ कंकणद्वीपांवरही मोठी बेटं पूर्वेलाच सापडतात, पण कारण बरोबर उलटं आहे: तिथे वारा पूर्वेकडून येतो आणि वादळं जाड दगडगोटे वाऱ्याच्याच बाजूला रचतात.

हे बघायला उधाणाची ओहोटी गाठावी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत कड पुरती उघडी पडत नाही. इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटर-दीड मीटर असल्याने वेळ चुकवून चालत नाही. कडेजवळ गुलाबी खरखरीत थर दिसतो. तो प्रवाळाचा नाही, चुना धरणाऱ्या शेवाळाचा. सुटे तुकडे सांधून लाटांचा मार सोसणारा थर तोच, त्यावर पाय देऊ नये. जाड तळव्याचे बूट घालून फक्त वाळूवरून आणि मेलेल्या खडकावरून चालावं. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं कायद्याने गुन्हा आहे.

नियमाला धरून नसलेली बेटं मला जास्त शिकवून गेली. आंद्रोत आडवं, पूर्व-पश्चिम पसरलंय. क्षेत्रफळाने ते सगळ्यांत मोठं, सुमारे 4.9 चौरस किलोमीटर, पण लगून नावापुरतं. बित्राचं नेमकं उलट: वस्तीची जमीन 0.1 चौरस किलोमीटर आणि लगून 45 चौरस किलोमीटरच्या घरात. कल्पेनीच्या पूर्व-आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडगोट्यांचा लांबच लांब बांध आहे, तो 1847 च्या वादळाने टाकला असं मानतात. एका रात्रीत एवढं घडू शकतं का, ही शंका तुवालूतल्या फुनाफुतीने मिटवली. 1972 च्या बेबे चक्रीवादळाने तिथे सुमारे 18 किलोमीटरचा असाच बांध रचला.

कंकणद्वीपाची बाहेरची बाजू किती उभी असते, ते कवरत्तीत कळतं. किनाऱ्यापासून काहीशे मीटरवरच समुद्र साडेतीनशे मीटर खोल जातो. तिथलं थंड पाणी नळाने वर आणून पृष्ठभागाच्या कोमट पाण्याची वाफ गार करतात आणि गोडं पाणी मिळवतात. 2005 साली सुरू झालेल्या या संयंत्राची क्षमता दिवसाला 1 लाख लिटर. उतार असा उभा नसता तर नळ कितीतरी लांब न्यावा लागला असता. विहिरींचं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. पंपाने जोरात उपसलं की खालून खारं चढतं.

बिघडतं कुठे? 1998, 2010 आणि 2016 च्या उष्ण समुद्रात प्रवाळ पांढरं पडून मोठ्या प्रमाणावर मेलं. मेलेली कड झिजते, लाटा कमी अडतात आणि नवी वाळू तयार होणं मंदावतं. बंगारमच्या कंकणातलं पराली-1 हे निर्मनुष्य बेट पुरतं झिजून गेलं. किनाऱ्यावर टाकलेले काँक्रीटचे टेट्रापॉड (लाटा अडवायचे चार पायांचे ठोकळे) तेवढी जागा धरून ठेवतात, पण वाळूची वाट अडते आणि पुढचा किनारा खचतो.

जायचं तर ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. प्रवेश परवाना आधी काढावा लागतो, आणि कोचीहून बोटीने 14 ते 20 तास लागतात. बोट कडेबाहेर थांबते, पुढचा प्रवास छोट्या होडीने. समुद्र खवळला की उतरणं रद्द होतं, म्हणून परतीला एखाद-दोन दिवस हाताशी ठेवावेत. एकच बेट निवडायचं असेल तर मी कल्पेनी सांगेन: लगून, कड आणि वादळाचा बांध, तिन्ही एका दिवसात पायी बघून होतात.