तीन फोटोंचा एक कडा

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून त्याचे बहुतेक फोटो संध्याकाळचे. समोर सूर्य, कड्यावर सोनेरी ऊन, काम सोपं. मला तो सकाळी जास्त आवडतो. सूर्य आपल्या पाठीमागून, गडाआडून वर येत असतो. दूर कोकणात उन्हं पोचलेली असतात आणि कडा अजून स्वतःच्याच सावलीत. कॅमेऱ्याला मात्र हे झेपत नाही. आकाश सांभाळावं तर कडा काळाकुट्ट, कडा सांभाळावा तर आकाश पांढरंफटक.

एचडीआरची, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करण्याची, गरज पडते ती अशा वेळी. ट्रायपॉड घट्ट रोवायचा, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८ वर कायम ठेवायचं आणि फक्त शटरचा वेग बदलत तीन फोटो घ्यायचे: १/५००, १/१२५, १/३०. दर फोटोत आधीच्यापेक्षा साधारण चौपट उजेड. पहिल्यात ढगांच्या कडा शाबूत राहतात, तिसऱ्यात कड्याच्या पोटातले बेसॉल्टचे थर मोजता येतात. मग घरी येऊन तिन्ही एकत्र करायचे.

हे कॉम्प्युटरचं खूळ आहे असं वाटत असेल तर गुस्ताव्ह ल ग्रे आठवावा. १८५०च्या दशकात हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या काचेवर घेत, आणि या काचा निळ्या रंगाला इतक्या हळव्या, की समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश जळून जायचं. गडी मग समुद्र एका काचेवर घ्यायचा, ढग दुसऱ्या काचेवर, आणि क्षितिजावर दोघांचा सांधा जुळवून एकच प्रिंट काढायचा. पुष्कळदा ढग भलत्याच वेळचे असत. लोक थक्क होऊन बघत.

आपला त्रास वेगळा. कोकणकड्यावर वारा खालून वर येतो. तीन फोटो होईपर्यंत गवताची पाती तीनदा वाकलेली असतात. एकदा घरी फोटो जोडला तर दरीवर तीन घारी, एकाच रेषेत, एकाच ऐटीत. प्रत्यक्षात होती एकच. सॉफ्टवेअरमध्ये त्यावर डीघोस्ट नावाचा इलाज असतो. त्याने दोन घारी पुसल्या आणि तिसरीचा पंख कापला.

त्याहून मोठा धोका सावल्या उजळणाऱ्या शॅडोच्या स्लायडरचा. तो जरा सरकवला की कपारीतलं झुडूप दिसतं. आणखी सरकवला की झुडपाची पानं. हात थांबत नाही! शेवटी कड्यावर कुठेच सावली उरत नाही, आकाशाला लागून एक पांढरट किनार उमटते आणि सगळा सह्याद्री गणपतीच्या देखाव्यातल्या पुठ्ठ्याच्या डोंगरासारखा दिसू लागतो. तपशील सगळे हजर, फक्त खोली गायब. कोकणकड्याच्या फोटोत खोलीच नसेल तर एवढी चढण चढलो कशाला?

कड्यावर उभं राहिल्यावरही सगळं एकदम दिसत नसतंच म्हणा. ढगांवरून नजर काढून कपारीत घातली की पहिल्यांदा नुसता अंधार. क्षणभर थांबलं की एकेक धोंडा वर येतो, तोवर ढग नजरेतून सुटलेले. बेरीज आपण मनात करतो. फोटोत ती आयती मिळते, आणि आयतं मिळालेलं फार बघितलं जात नाही.

हल्ली फोनसुद्धा न विचारताच पाच-सहा फोटो घेऊन जोडून टाकतो. शेजारी उभ्या पोराच्या स्क्रीनवर कडा लख्ख उजळलेला, समोर मात्र अजून काळा. त्याने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा कड्याकडे, आणि फोन खिशात टाकला.

मी अजून तीन फोटो घेतोच. जोडताना स्लायडर अर्ध्यावर सोडतो. मधली एक कपार काळीच राहते. घरच्यांना ते पटत नाही. ‘तिथे काय आहे, दिसत नाही,’ म्हणतात. ‘पाकोळ्यांची घरटी असतील,’ मी सांगतो, ‘पुढच्या वेळी बरोबर चला.’